वीज जाण्याआधीचा निरोप

मराठीत ‘निरोप’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एकाने दुसऱ्याकडे पाठवलेला सांगावा म्हणजे निरोप, आणि जाणाऱ्याने घेतलेली रजा म्हणजेही निरोपच. संगणक सुरक्षितपणे बंद करण्याच्या तंत्राचा इतिहास लिहायचा तर हे दोन्ही अर्थ एकत्र धरावे लागतात. वीज जाणार असल्याचा निरोप यंत्राला वेळेत मिळाला, तरच त्याला नीट निरोप घेता येतो. हा सांगावा आधी माणूस देत असे, मग एक तार देऊ लागली, आणि पुढे संगणकाच्या गाभ्यात बसलेला एक छोटा प्रोग्रॅम तो ऐकू लागला. या प्रोग्रॅमला ड्रायव्हर म्हणतात. तो शेदोनशे ओळींचा असतो आणि बहुतेकांच्या नजरेला कधी पडत नाही. पण त्याच्यामागे शंभराहून अधिक वर्षांचा विचार आहे, आणि त्या विचाराचे काही धागे रत्नागिरी जिल्ह्यातूनच गेलेले आहेत.

लांज्याचे उदाहरण घेऊ. मुंबई-गोवा महामार्गावर, रत्नागिरी आणि राजापूर यांच्या मध्ये वसलेला हा तालुका. पूर्वेला माचाळचा डोंगर आणि सह्याद्रीची भिंत, खाली जांभ्याचे सडे, मुचकुंदीचे खोरे, आंबा-काजूच्या बागा आणि दूरदूर पसरलेल्या वाड्या. विजेच्या तारा याच झाडीतून आणि उतारांवरून जातात. जूनमध्ये पहिला जोराचा वारा सुटला की कुठेतरी फांदी तारेवर येते आणि वीज जाते. ‘लाइट गेली’ हे आपले वाक्यच मोठे बोलके आहे. ती बंद केली जात नाही, आपणहून निघून जाते, आणि जाताना सांगत नाही. मिक्सर, पंखा, दिवा यांना त्याचे फारसे काही वाटत नाही. वीज परत आली की ते होते तसे पुन्हा चालू लागतात. संगणकाचे तसे नाही. असे का, हे समजण्यासाठी आधी संगणकापेक्षा जुन्या यंत्रांकडे पाहावे लागते.

थांबण्याचे दोन प्रकार

लांजा तालुक्यातून कोकण रेल्वे जाते. विलवडे हे तिचे इथले एक स्थानक. २६ जानेवारी १९९८ रोजी हा मार्ग सलग वाहतुकीसाठी खुला झाला. या रुळांवरून धावणाऱ्या प्रत्येक गाडीच्या ब्रेकमध्ये एक जुनी कल्पना आहे. जॉर्ज वेस्टिंगहाउस या अमेरिकन संशोधकाने १८७२च्या सुमारास स्वयंचलित हवेचा ब्रेक आणला. त्याआधीच्या त्याच्याच रचनेत ब्रेक लावायचा झाला तर नळीत हवा भरावी लागे. म्हणजे नळी तुटली की ब्रेक गेला. नव्या रचनेत त्याने हे उलटे केले. नळीत दाबाची हवा कायम भरलेली ठेवायची आणि दाब कमी झाला की ब्रेक लागायचा. डबे सुटे झाले, नळी फाटली, काहीही झाले तरी गाडी थांबणार. ब्रेक लावायची ताकद प्रत्येक डब्याखालच्या टाकीत आधीच साठवलेली असते.

त्याच १८७२ साली विल्यम रॉबिन्सनने रुळांमधून वाहणाऱ्या बंद विद्युत मंडलाचे पेटंट घेतले. रुळांतून बारीक प्रवाह सतत वाहत राहतो. गाडी आली की तिची चाके तो प्रवाह मधेच वळवतात आणि सिग्नल धोक्याचा होतो. रूळ तुटला, बॅटरी संपली, तार निघाली तरीही प्रवाह थांबतो आणि सिग्नल धोक्याचाच होतो. शांतता हाच इशारा, असे या रचनेचे सूत्र. बातमी आली नाही तर ती वाईट आहे असे समजायचे.

आगगाडीच्या बाबतीत हे सूत्र चालते, कारण थांबलेली गाडी सहसा धावणाऱ्या गाडीपेक्षा सुरक्षित असते. पण प्रत्येक यंत्राचे असे नसते. चिपळूण तालुक्यात पोफळी येथे कोयना प्रकल्पाचे भूमिगत वीजगृह आहे. पहिल्या टप्प्याची वीजनिर्मिती १९६२ साली सुरू झाली. तिथली सुरुवातीची जनित्रे पेल्टन पद्धतीच्या चक्रांवर चालतात. डोंगरातून शेकडो मीटर खाली येणारे पाणी झोताने चक्राच्या वाट्यांवर आदळते. आता अशा चक्रावरचा भार अचानक गेला, तर चक्र भरमसाट वेगाने फिरू लागेल. पाणी एकदम बंद केले, तर नळातल्या पाण्याचा धक्का नळच फोडेल. म्हणून पेल्टन चक्राला दोन पायऱ्यांत थांबवतात. आधी एक आडपडदा झोतासमोर येऊन पाणी चक्रावरून बाजूला वळवतो. हे काम सेकंदा-दोन सेकंदांत होते. मग झोताच्या तोंडातली सुई हळूहळू पुढे सरकून पाणी बंद करते. या हालचालींसाठी लागणारी ताकदही, बाहेरच्या विजेवर विसंबून न राहता, दाबाखालच्या तेलात साठवून ठेवतात.

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेला भूकंप झाला. पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली, कोयनानगर उद्ध्वस्त झाले आणि मुंबईचा वीजपुरवठा खंडित झाला. त्या पहाटे मुंबईकरांना जे कळले ते एवढेच, की वीज गेली. पण वीज जाणे आणि वीजगृह नीट थांबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी साधावी म्हणूनच तर यंत्रांत एवढी योजना केलेली असते.

तेव्हा थांबण्याचे हे दोन प्रकार झाले. एकात ताकद गेली की आपोआप सुरक्षित थांबा मिळतो. दुसऱ्यात थांबण्यालाही क्रम लागतो, वेळ लागतो आणि त्या वेळापुरती शिल्लक ठेवलेली ताकद लागते. संगणक वरवर पाहता पहिल्या प्रकारातला वाटतो. प्रत्यक्षात तो दुसऱ्या प्रकारातला आहे.

दोन सहस्रांश सेकंद

सुरुवातीच्या संगणकांना हा प्रश्न आजच्याइतका जाचत नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेला ‘टिफ्रॅक’ १९६०मध्ये कामाला लागला आणि १९६२ साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे नामकरण झाले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या, आणि स्मृती होती फेराइटच्या बारीक कड्यांची: प्रत्येकी ४० अंकस्थानांचे २,०४८ शब्द. फेराइटचे कडे चुंबकासारखे असते. एकदा एका दिशेने चुंबकित झाले की वीज गेली तरी ते तसेच राहते. शिवाय अशा यंत्राशेजारी ते सांभाळणारी माणसे असत. बंद करायचे की नाही, कधी करायचे, हे माणूस ठरवत असे. निरोप देणारा आणि घेणारा दोघेही खोलीतच होते.

यंत्राला थेट निरोप देण्याची व्यवस्था किती काटेकोर होती हे पाहायचे तर डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या पीडीपी-११ या १९७० साली आलेल्या संगणकाकडे पाहावे. त्याच्या तारांच्या जथ्यात दोन तारा केवळ या कामासाठी होत्या. बाहेरचा पुरवठा खाली घसरू लागला की पहिली तार इशारा देई. आतला पुरवठा आता खरोखरच कोसळतो आहे, असे दुसरी सांगे. दोन्हींच्या मध्ये सुमारे दोन सहस्रांश सेकंद मिळत. पहिला इशारा येताच यंत्र हातातले काम सोडून स्मृतीतल्या एका ठरलेल्या पत्त्यावर लिहून ठेवलेल्या सूचनेकडे वळे. तिथला छोटा प्रोग्रॅम चालू हिशेबाचे आकडे फेराइटच्या स्मृतीत टाकी आणि थांबे. वीज परत आली की तेच आकडे उचलून काम जिथे राहिले तिथून पुढे सुरू होई. दोन सहस्रांश सेकंदांत माणूस पापणीसुद्धा लववू शकत नाही, यंत्राला मात्र तेवढ्यात शेकडो सूचना पार पाडता येत. आजच्या ड्रायव्हरचा हा पूर्वज.

पण सत्तरच्या दशकात फेराइटची जागा अर्धवाहक स्मृतीने घेतली. ती स्वस्त होती, वेगवान होती, आणि वीज जाताच सारे विसरणारी होती. विसरभोळ्या स्मृतीची सोय झाली ती चकतीमुळे. जपून ठेवायचे ते चकतीवर लिहायचे. आणि खरी अडचण इथेच सुरू झाली.

कच्ची वही आणि पक्की वही

चकती स्मृतीच्या मानाने फार हळू असते. म्हणून १९६९ साली बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या युनिक्सने, आणि पुढे तिच्या वळणाच्या सर्व प्रणालींनी, एक तडजोड केली. तुम्ही फाइल ‘लिहिली’ की ती प्रथम स्मृतीतच लिहिली जाते. प्रणाली तुम्हाला ‘झाले’ असे सांगून मोकळी होते, आणि चकतीवर नेण्याचे काम सवडीने करते. जुन्या युनिक्समध्ये एक छोटा प्रोग्रॅम दर ३० सेकंदांनी साठलेले सगळे चकतीवर उतरवत असे. या ३० सेकंदांत वीज गेली, तर तुम्हाला ‘झाले’ म्हणून सांगितलेले काम झालेलेच नसते.

त्याहून वाईट म्हणजे ते अर्धवट झालेले असू शकते. तलाठ्याच्या दप्तरात नोंद लिहिताना दिवा गेला तर अर्धी ओळ अर्धीच दिसते. उद्या पाहणाऱ्यालाही कळते की इथे लेखणी थांबली. चकतीवर तसे दिसत नाही. एका फाइलचा मजकूर एके ठिकाणी असतो, तो कुठे आहे याची नोंद दुसरीकडे, आणि कोणती जागा मोकळी आहे याची यादी तिसरीकडे. तिघांपैकी दोन ठिकाणी लेखन झाले आणि तिसऱ्या ठिकाणी राहिले, तर तीच जागा दोन फाइलींच्या नावे पडू शकते. म्हणजे एकच तुकडा दोघांच्या सातबाऱ्यावर. आणि ही चूक त्या क्षणी कोणाच्या लक्षात येत नाही. आठवड्याने, महिन्याने, भलत्याच फाइलीत उमटते.

यावरचा जुना उपाय म्हणजे यंत्र पुन्हा सुरू करताना सगळी चकती तपासणे. चकत्या मोठ्या होत गेल्या तसा याला तासन्‌तास लागू लागला. नवा उपाय मात्र आपल्या पेढ्यांवर पिढ्यानपिढ्या चालत आला होता. व्यवहार झाला की आधी तो रोजकीर्दीत तारीखवार लिहायचा, मग सवडीने खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायचा. खतावणी करताना व्यत्यय आला तर रोजकीर्द उघडून पुन्हा चढवता येते. रोजकीर्दीतली शेवटची ओळच अपुरी असेल, तर तो व्यवहार झालाच नाही असे धरायचे. फाइलींच्या जगात हीच पद्धत ‘जर्नलिंग’ नावाने आली. लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्यात, रोजकीर्द ठेवणारी ‘एक्स्ट-थ्री’ ही फाइलव्यवस्था नोव्हेंबर २००१मध्ये दाखल झाली.

पण रोजकीर्द हिशेबाची वही शाबूत ठेवते; हरवलेला व्यवहार परत आणत नाही. बँकेच्या खिडकीवर पैसे घेतले, पावती दिली, आणि रोजकीर्दीत ओळ जाण्याआधी वीज गेली, तर वही सुसंगत राहील, पण पैसे तिच्यात नसतील. म्हणून निरोपाची गरज उरतेच.

निरोप्या माणूस

भारतातल्या संगणकीकरणाचा इतिहास आपण बहुधा यंत्रांच्या आणि धोरणांच्या अंगाने सांगतो. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या डॉ. सी. रंगराजन समितीने १९८४ साली बँकांच्या यांत्रिकीकरणाचा आराखडा दिला. १९८८-८९ साली देशातल्या आठ जिल्ह्यांत भूमी-अभिलेखांच्या संगणकीकरणाचा प्रयोग सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातला वर्धा जिल्हा होता. १९९८ साली वारणा खोऱ्यातल्या सत्तर गावांना संगणकाने जोडण्याची योजना आली. यातल्या प्रत्येक ठिकाणी संगणकाबरोबर त्याची एक सावली आली, ती म्हणजे बॅटऱ्यांची पेटी. कार्यालयाच्या कोपऱ्यात, जिन्याखाली, नाहीतर एका कोंदट खोलीत यूपीएस ठेवलेला असे. वीज गेली की तो किंचाळू लागे, आणि ते ऐकून एक माणूस धावे. खिडक्यांवरच्या लोकांना थांबायला सांगणे, सगळ्यांना प्रणालीतून बाहेर पडायला लावणे, मग मुख्य यंत्र बंद करण्याची आज्ञा देणे, हा त्याचा क्रम. नव्वदच्या दशकात बँकांच्या अनेक शाखांत युनिक्स किंवा तिच्याच जातीची प्रणाली चालत असे, त्यामुळे ‘शटडाउन’ ही आज्ञा रोखपालांनाही पाठ होती.

६ जून २००५ रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महावितरण आणि इतर कंपन्या अस्तित्वात आल्या. त्याच सुमारास राज्यात भारनियमन तीव्र झाले. ज्या भागात गळती आणि थकबाकी जास्त, तिथे वीज अधिक तास बंद. भारनियमनाने लोकांचे हाल केले. पण त्याला निदान वेळापत्रक होते. वेळ वर्तमानपत्रात छापून येई. पिठाची गिरणी, झेरॉक्सचे दुकान, दवाखाना, सारे त्या वेळेभोवती आपली कामे बसवत. संगणकाच्या भाषेत सांगायचे तर हा आधी मिळालेला निरोप होता. पावसाळ्यात फांदी पडून वीज जाते तेव्हा तसा निरोप मिळत नाही. वीज किती तास नव्हती हे आकडे मोजले जातात. ती जाण्याआधी कळले होते का, याची नोंद क्वचितच होते. यंत्रासाठी मात्र दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा महत्त्वाचा असतो.

तार आणि बटण

माणूस नेहमी जवळ असेलच असे नाही. रात्री, सुट्टीच्या दिवशी, दिवाळीत यूपीएस रिकाम्या कार्यालयात किंचाळत राही आणि बॅटरी संपली की सगळे एकदम जाई. म्हणून यूपीएसला एक तार जोडण्यात आली. तिचे दुसरे टोक संगणकाच्या सिरियल पोर्टमध्ये, म्हणजे मॉडेमसाठी असलेल्या खाचेत. ‘पलीकडे मॉडेमचा आवाज येतो आहे’ हे सांगण्यासाठी त्या खाचेत एक टाचणी होती. तिच्यावर यूपीएस सांगू लागला, की वीज आहे अथवा गेली. १९९१ साली आलेल्या लिनक्समध्ये या टाचणीवर नजर ठेवणारा छोटा प्रोग्रॅम पहिल्या काही वर्षांतच तयार झाला. वीज गेल्याची खूण दिसली की तो प्रणालीच्या पहिल्या प्रक्रियेला कळवी आणि ती आवराआवर सुरू करी. त्यासाठीचा खास संकेत युनिक्सच्या एका शाखेत, सिस्टिम फाइव्हमध्ये, आधीपासून होताच.

दरम्यान खुद्द बटणाचा स्वभाव बदलला. पूर्वीच्या घरगुती संगणकाचे बटण म्हणजे दिव्याच्या बटणासारखे. दाबले की वीज तुटली. १९९५ साली इंटेलने एटीएक्स नावाची रचना आणली, तेव्हापासून बटण वीज तोडेनासे झाले. ते फक्त एक इशारा देते, आणि वीजपुरवठा बंद करण्याचा हुकूम संगणक स्वतः देतो. डिसेंबर १९९६मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून वीजव्यवस्थापनाचे जे मानक जाहीर केले, त्यात बटण ही विनंती मानली गेली. प्रणाली गोठून विनंती ऐकेनाशी झाली तर? त्यासाठी बटण चार सेकंदांहून अधिक दाबून धरले की जबरदस्तीने वीज तोडायची मुभा ठेवली. विनंती आणि जबरदस्ती यांच्यातली ही चार सेकंदांची सीमा आज जवळजवळ प्रत्येकाच्या बोटांना ठाऊक आहे.

ड्रायव्हर लिहिणाऱ्यापुढचे प्रश्न

आता माणूस नसलेले यंत्र घेऊ. समजा, लांजा तालुक्यातल्या एखाद्या वाडीत शाळेच्या छपराखाली पावसाची नोंद घेणारी पेटी बसवायची आहे. आत तळहाताएवढा संगणक आहे; २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीला आलेल्या रास्पबेरी पायपासून असे संगणक स्वस्त आणि सर्वत्र मिळणारे झाले. त्याची चकती म्हणजे नखाएवढे मेमरी कार्ड. लेखन चालू असताना वीज गेली तर ही कार्डे मोठ्या चकतीपेक्षाही लवकर दगा देतात. कारण कार्ड आतल्या आतही मजकूर एका जागेवरून दुसरीकडे हलवत असते, आणि ते बाहेरच्या प्रणालीला दिसत नाही. अशा पेटीसाठी ड्रायव्हर लिहिणाऱ्याला पुढच्या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात.

पहिला प्रश्न, इशारा कोणता? पेटीतल्या एका टाचणीवर ‘बाहेरची वीज आहे’ तोवर दाब ठेवायचा आणि वीज गेली की तो खाली येऊ द्यायचा. असे केले की तार तुटली तरी यंत्राला वीज गेल्यासारखेच वाटेल आणि ते नीट आवरून बंद होईल. रॉबिन्सनने रुळांसाठी योजलेलेच हे सूत्र. उलटी रचना केली, म्हणजे वीज गेल्यावर टाचणीवर दाब यावा असे ठरवले, तर तुटलेली तार कायम ‘सगळे ठीक आहे’ असे सांगत राहील.

दुसरा प्रश्न, इशारा खरा कशावरून? दोन धातू एकमेकांना टेकताना किंवा सुटताना काही सहस्रांश सेकंद थरथरतात, आणि संगणकाला ती थरथर दहा वेळा बटण दाबल्यासारखी दिसते. कोकणात वारा सुटल्यावर तारा एकमेकींना लागतात आणि वीज डोळा मिचकावल्यासारखी जाऊन येते. प्रत्येक मिचकावणीला यंत्र बंद करत बसले तर पावसाची नोंद व्हायची कधी? म्हणून इशारा आल्यावर काही काळ थांबून पुन्हा पाहायचे. किती थांबायचे हे साठवलेल्या ताकदीवर अवलंबून.

तिसरा प्रश्न, ताकद किती? पेटी ५ वॅट खाते आणि आवराआवरीला २० सेकंद लागतात असे धरले, तर १०० जूल ऊर्जा हवी. मोठा कपॅसिटर ५ व्होल्टपर्यंत भरून ३ व्होल्टपर्यंत वापरता आला, तर प्रत्येक फॅरडमागे ८ जूल मिळतात. म्हणजे साडेबारा फॅरड. रूपांतरातला तोटा आणि वयोमानाने होणारी घट धरली तर वीस फॅरड घेणे शहाणपणाचे. पेल्टन चक्रासाठी दाबाखाली ठेवलेल्या तेलाचेच हे धाकटे भावंड. घरगुती संगणकाच्या साध्या वीजपुरवठ्यात अशी शिल्लक सेकंदाचा पन्नासावा भागसुद्धा पुरत नाही.

चौथा प्रश्न, कोण काय करणार? टाचणीवरचा दाब बदलला की प्रक्रियक चालू काम सोडून ड्रायव्हरच्या एका तुकड्याकडे येतो. याला इंटरप्ट म्हणतात. आपण त्याला हटकणे म्हणू. हटकल्यावर धावणाऱ्या या तुकड्याला तिथे रेंगाळायची परवानगी नसते. कशाची वाट पाहायची नाही, चकतीला हात लावायचा नाही. त्याने फक्त ‘काम आले आहे’ अशी चिठ्ठी ठेवून परतायचे. खरे काम पुढे रांगेतून होते. थरथरीची खात्री करून तिथून कर्नेलला ‘रीतसर बंद हो’ अशी विनंती जाते. यासाठीचे तयार साधन लिनक्समध्ये २००७ साली आले. ते आधी वरच्या प्रोग्रॅमना आपापले आवरायला सांगते. नोंद पुरी होते, फाइली मिटतात, स्मृतीत साठलेले कार्डावर उतरते, फाइलव्यवस्था सुटी होते. वरची आज्ञा सुरूच झाली नाही तर कर्नेल निदान साठलेले उतरवण्याचा प्रयत्न करून स्वतःच वीज तोडायला सांगते.

पाचवा प्रश्न सर्वांत फसवा आहे: आवराआवर चालू असतानाच वीज परत आली तर? यंत्र तर बंद व्हायला निघाले. ते बंद झाले, आणि बाहेर वीज आहेच. आता त्याला पुन्हा सुरू करणारा इशारा कुठून येणार? वीज ‘येण्याची’ घटना होऊन गेली. गावात पंखे फिरत आहेत आणि पेटी मात्र निपचित. कोणी शिडी लावून चढेपर्यंत ती तशीच राहील. म्हणून आवरून झाले की शेवटचा निरोप यंत्राने वीजमंडलाला द्यायचा असतो: माझे झाले, आता तोड. आणि वीजमंडलाने पुरवठा पूर्ण तोडून, क्षणभर थांबून, बाहेर वीज असेल तर पुन्हा द्यायचा. चांगला ड्रायव्हर एकट्या संगणकाचा विचार करत नाही. तारेच्या दोन्ही टोकांचा करार लिहितो.

असा ड्रायव्हर प्रत्येक वेळी नव्याने लिहावा लागतो असेही नाही. टाचणीचे वर्णन दोन-चार ओळींत दिले की कामाला लागणारे ड्रायव्हर कर्नेलमध्ये आहेत. नवा लिहावा लागतो तो स्वतःचे वीजमंडल बनवणाऱ्याला. पण वरचे पाच प्रश्न दोघांनाही चुकत नाहीत.

दुसरी बाजू

या साऱ्यावर एक गंभीर आक्षेप आहे. निरोप मिळेलच अशी खात्री नसेल, तर यंत्र कोणत्याही क्षणी मेले तरी बिघडणार नाही असेच का बनवू नये? २००३ साली जॉर्ज कँडिया आणि आर्मांडो फॉक्स या संशोधकांनी हाच विचार मांडला. प्रोग्रॅमला थांबण्याचा एकच मार्ग असावा, तो म्हणजे कोसळणे. आणि सुरू होण्याचा एकच, तो म्हणजे सावरणे. नीट बंद होण्याची वेगळी वाट ठेवली की वाईट वेळी लागणारी वाट कधी तपासलीच जात नाही. या म्हणण्यात बरेच तथ्य आहे. वारणा खोऱ्यात तर पुढे वेगळाच मार्ग दिसला: २००६-०७च्या सुमारास संगणकांऐवजी मोबाइल फोनवरच्या संदेशांतून ऊसउत्पादकांना माहिती देण्याचा प्रयोग झाला. फोनची बॅटरी त्याच्या पोटातच असते. गावची वीज गेली तरी त्याला तातडीने आवरावे लागत नाही, आणि स्वतःची बॅटरी संपत आली की त्याला आधीच कळते.

तरीही निरोपाचे काम संपलेले नाही. कोसळण्यातून सावरणारा प्रोग्रॅमही अखेर कार्डावरच लिहितो, आणि कार्ड आतून बिघडले तर सावरायला काही उरत नाही. शिवाय माणसाच्या हातातली यंत्रे फोनच्या रूपाने सुटली असली, तरी माणूस नसलेली यंत्रे वाढतच आहेत: पाण्याची पातळी मोजणारी, वाऱ्याचा वेग सांगणारी, दारावर लक्ष ठेवणारी. कोकण रेल्वेने रत्नागिरीजवळच्या पानवल पुलावर वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र बसवले आहे. नद्यांवरच्या काही पुलांवर पुराची सूचना देणारी साधने आहेत. अशा प्रत्येक साधनाची खरी परीक्षा वादळात असते, आणि वादळातच वीज जाते. मे २०२१मध्ये तौक्ते वादळ रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा जिल्ह्यात झाडे आणि विजेचे खांब पडले, गावे अंधारात गेली. जी नोंद पुढच्या वादळाच्या वेळी सर्वांत उपयोगी पडणार, ती नेमकी त्याच तासांत घ्यायची असते.

१ मे २०१८पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. ती नोंद आता दूरच्या, भरपूर बॅटऱ्या आणि जनित्रे असलेल्या केंद्रांत राहते. तिथे निरोपाची चिंता करणारी माणसे आहेत. पण माहिती जिथे जन्मते ती जागा अजून लांज्यासारख्या तालुक्यातच आहे: मोजणीच्या बांधावर, शाळेच्या छपराखाली, आरोग्य उपकेंद्राच्या टेबलावर. तिथे यंत्र घेताना निविदेत स्मृती किती, वेग किती, पडदा केवढा हे लिहिलेले असते. वीज गेल्यावर ते किती सेकंद टिकेल, त्या सेकंदांत काय आवरेल, आणि वीज परत आल्यावर कोणी हात न लावता सुरू होईल का, हे तीन प्रश्न त्याच यादीत आले पाहिजेत. त्यांची तपासणीही सोपी आहे. यंत्र लिहीत असताना प्लग उपटायचा. एकदा नव्हे, शंभर वेळा. आणि प्रत्येक वेळी शेवटची ओळ वाचून पाहायची.